पंचावन्नला येणारी थरथर

धर्मराजचे हात थरथरतात, हे साहेबांनी मागच्या सीटवर बसून ठरवलं. साहेबांचं नाव नंदकुमार. तुर्भ्याच्या आमच्या केमिकल कंपनीतले मोठे अधिकारी, राहायला वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये. उभ्या आयुष्यात त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नव्हता, पण ड्रायव्हरच्या मनगटांकडं बघून निकाल मात्र लावून टाकला. हा पितो.

साल अठ्ठ्याहत्तर. धर्मराज कोपरखैरणे गावातला, कंपनीत ड्रायव्हर झालेला गावचा पहिला माणूस. त्याच्यासारख्याच जमिनी गेलेले बाकीचे गडी आमच्याकडं गोण्या उचलत होते. सोमवारी कंपनीचा डॉक्टर त्याचे हात तपासणार होता. हात हलले, की ड्रायव्हरकी गेली आणि तोही गोण्यांवर.

मी कमळाकर, तिथलाच फिटर. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो शेडमध्ये आला आणि माझ्यासमोर वाकला.

"माझं तोंड हुंग."

"येडा झालास काय?"

"हुंग रं. घरी पुतळा रोज हुंगते. बायको हुंगते, तुला कसली लाज?"

हुंगलं. सुक्या बोंबलाचा वास आला, दुसरा कसला नाही. खरं सांगायचं तर आठवडाभर मलाही वाटत होतं, घेत असेल. का वाटत होतं? सगळे म्हणत होते म्हणून. इतका स्वस्त असतो संशय.

"पानी भरताना हात हालत नाय," धर्मराज म्हणाला. "विडी पेटवताना नाय. गाडीत बसलो की हालतात."

"बसल्या बसल्या?"

"नाय. रोडला लागल्यावर. पंचावन्नला."

मी डबा झाकला. दारुड्याचा हात स्पीडचा काटा बघून थरथरतो होय?

साहेब मीटिंगमध्ये होते. आम्ही त्यांची ॲम्बॅसडर ठाणे-बेलापूर रोडवर काढली. लायसन माझ्याकडंही होतं, म्हणून मी चालवायला बसलो. चाळीसला काही नाही. पन्नासला तळव्याला मुंग्या. पंचावन्नला स्टेअरिंग हातात असं वळवळायला लागलं, की थरथर कोपरापर्यंत चढली. गंमत म्हणजे सत्तरला सगळं शांत. परत पंचावन्नवर आलो, परत तेच.

"बग," धर्मराज म्हणाला. "आता तुझं तोंड हुंगू काय?"

मला हसू आलं, पण डोकं दुसरीकडंच लागलं होतं. पंचावन्नलाच का? झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर झोका वाढतो, अवेळी दिला तर मोडतो, तसं काही असेल का? पण मग धक्का देतोय कोण?

पंचावन्नवर असतानाच गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. गाडी नुसती घरंगळत होती, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. ब्रेकला पाय लावलाच नव्हता, म्हणजे ब्रेकही सुटले. शेडमध्ये आणून पुढची चाकं जॅकवर घेतली, धरून हलवून पाहिली. कुठं ढिलाई नाही. मग पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावली आणि पुन्हा रोडवर गेलो. स्टेअरिंग गप्प! पंचावन्नला आता आमच्या बुडाखालची सीट थरथरत होती.

"मागं पलाला गो बाय!" धर्मराज ओरडला. मूल हरवून सापडावं तसा तो हसत होता.

रोग चाकात होता. पण कुठल्या? दोन्ही चाकं काढून परत पुढं लावली, जॅकवर एकेक हलकेच फिरवलं. उजवं कुठंही थांबायचं. डावं मात्र थांबताना थोडं मागं यायचं आणि एकच जागा खाली घेऊन बसायचं. तिथं मी खडूची रेघ मारली. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा रेघ जमिनीकडं. एका बाजूला वजन होतं. बाहेर चिखल नाही, रिम वाकडी नाही. मग टायर उघडला आणि आत हात घातला.

हाताला लागलं ते काय आहे, हे बोटांना आधी कळलं. टायर फाटला की आतून जुन्या टायरचा जाड तुकडा बसवतात, त्याला आम्ही गेटर म्हणतो. पंधरा दिवसांपूर्वी मीच बसवला होता. नवा टायर कशाला, हाच सहा महिने काढतो, असं साहेबांना सांगून शाबासकीही घेतली होती. आणि चक्क विसरलो होतो.

धर्मराजनं विचारलं, "काय हाय आत?"

"दाखवतो. आधी साहेबांना दाखवू."

गेटर काढला नाही. तसाच आत ठेवून चाक पुढं लावलं. शनिवारी सकाळी साहेबांना घ्यायला मीही गेलो आणि त्यांना म्हणालो, "साहेब, आज पुढं बसा."

"का रे?"

"हाताला काम आहे."

धर्मराजनं काटा पंचावन्नवर नेला आणि दोन्ही हात सैल केले. "धरा, साहेब."

साहेबांनी एका हातानं स्टेअरिंग धरलं. घड्याळाचा पट्टा खुळखुळायला लागला. त्यांनी हात काढला, परत लावला, परत काढला. लहान पोरासारखं तीनदा केलं.

"हे काय आहे?"

"टायरमध्ये गेटर आहे. जड आहे, एका बाजूला."

"कुणी बसवला?"

"मी."

तुर्भे आल्यावर उतरताना साहेब म्हणाले, "डॉक्टरला नको म्हणून सांगतो. तुला मेमो मिळेल." धर्मराजची माफी बिफी काही मागितली नाही. त्यांना ती गोष्ट येतच नव्हती.

धर्मराज स्टेअरिंगवरच बसून राहिला.

"आठ दीस तू माझ्याबरोबर डबा खाल्लास."

"हो."

"आनि मना बेवडा समजत व्हतास."

"हो."

"टायर मंग बदल. आदी चल घरी. तिला तू सांग."

गावात पुतळा दारात मासळी निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि गाडीत पुढं येऊन बसली. रोडवर पंचावन्नला तिनं स्टेअरिंग मुठीत धरलं. नुसतं बोट लावून नाही, घट्ट. बराच वेळ धरून होती.

"हाय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं न बघता वळली ती माझ्यावर. "भाऊजी, गेटर तुमी घातला आनि तोंड याचं हुंगलं मी! याला दोन रात्री मी जेवाया नाय वाढला. मना का नाय समजला? तुमाला तरी का नाय समजला, तुमी तर मिस्तरी?"

"जाऊ दे गो," धर्मराज म्हणाला.

"का जाऊ दे?"

परत कोपरखैरणे येईपर्यंत ती बोलत होती. एकूण एक बरोबर बोलत होती.