सहा जणींत एक कादंबरी

"अगं, लायब्ररीत नाही, ऑनलाइन नाही, कुठ्ठेच नाही! शेवटी एक सेकंडहँड कॉपी मिळाली," लतिकाकाकू आश्लेषाला सांगत होत्या. "आणि वाचणाऱ्या आम्ही सहा जणी. मग काय, ब्रेडच्या सुरीने केले सहा भाग!"

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये या वाचनगटाने आश्लेषाला बोलावलं होतं, आणि तिथे सहा मांड्यांवर तिची छापून आलेली एकुलती एक इंग्रजी कादंबरी क्लिपा लावून बसली होती. सात वर्षं आश्लेषा पहाटे उठून लिहीत होती आणि दिवसा कॉलेजातल्या मुलांचे निबंध तपासत होती. दुसरी कादंबरी सोमवारीच नवव्या प्रकाशकाकडून परत आली, 'भाषा सुंदर आहे' अशी फुलं वाहून. आता लिहिणं पुरे, असं तिने ठरवत आणलं होतं. त्याआधी एवढंच कळायला हवं होतं, की आपलं पुस्तक कुणी शेवटपर्यंत वाचलं का.

"भाग एक्स्चेंज करायचे होते," निधी म्हणाली, "पण राहिलंच यार. माझ्या भागात तर तो नवरा गेलेलाच आहे."

"गेला? अगं, माझ्याकडे तो अजून गराज आवरतोय!" लतिकाकाकू ओरडल्या. "कशाने गेला?"

"ते उत्तराकडे असेल."

उत्तराने अजून आपला भाग उघडलाच नव्हता.

हसता हसता आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने विचारलंच, "शेवट कुणाकडे आहे?"

रत्नामावशींनी शाळेतल्यासारखा हात वर केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रिटायर्ड डॉक्टर. दूरच्या प्लेनो शहरातलं चाळीस वर्षांचं घर विकून मार्चमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या.

"वाचलात, मावशी?"

"अकरा पानं राहिलीत. ती बाई घराला कुलूप लावायला किल्ली शोधते ना, तिथे थांबले. तीन आठवडे झाले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुढे वाचलं, तर तिला निघावं लागेल गं."

त्या बाईला आश्लेषाने दोन ओळींत घराबाहेर काढलं होतं, आणि किती आटोपशीर जमलं म्हणून त्या दिवशी स्वतःवरच खूश झाली होती.

"निघते का ती?" रत्नामावशींनी विचारलं.

"नाही वाचलंत तरी चालेल, मावशी."

"वा! लिहिणारीला वाईट नाही वाटणार?"

"नाही," आश्लेषा म्हणाली. आणि ते खरं होतं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

रत्नामावशींनी ती अकरा पानं वेगळी केली, कडा नीट जुळवल्या, घडी पडू न देता आपल्या मोठ्या पर्समध्ये उभी ठेवली आणि हळूच चेन ओढली.