साळूबाईच्या बोटाचा काठ

मी लुगड्याचा एक जुना काठ आहे, मित्रांनो. हिरवा, दोन बोटं रुंद. नगरला, विणकरांच्या तोफखाना भागात, मागावर विणला गेलो. पाथर्डीच्या बाजारात साळूबाईनं मला घेतलं आणि दरसाल तिच्याबरोबर ऊसतोडीला गेलो. लुगडं विरलं. मी टिकलो.

शहाण्णवच्या हंगामात तिची सून रेश्मा फडातच बाळंत झाली, सातव्या महिन्यात. दोघांना नगरला सावेडीतल्या दवाखान्यात आणलं. रेश्माला ताप भरला, म्हणून ती खालच्या वॉर्डात. साळूबाईचा मुलगा छगन फडावर परतला. वर, बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीजवळ एकटी साळूबाई.

बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरायचं. ओठ निळे पडायचे. जरा हलवलं की परत सुरू. श्वास थांबला की घंटा वाजवणारं मशीन एकच, ते दुसऱ्या बाळाला लावलेलं. म्हणून प्रज्ञा सिस्टरनं मऊ चिंधी मागितली. साळूबाईनं विरलेल्या लुगड्यातून मला फाडून दिलं. एक टोक बाळाच्या पायाला सैल बांधलं, दुसरं साळूबाईच्या बोटाला. छाती थांबली की हलकेच ओढायचं. सगळे माझं कौतुक करायचे.

मग डॉक्टरांनी पुण्याहून औषध मागवलं. कॅफिन. चहात असतं तेच, पण मोजून, नळीतून थेंब थेंब. मेंदू कच्चा आहे, या औषधानं त्याला श्वासाची आठवण राहते, असं सिस्टरनं समजावलं. आणि खरंच, बाळ श्वास विसरेना, मी नुसता पडून राहायला लागलो. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

साळूबाईला वेगळीच धास्ती. चहा उष्ण, एवढ्याशा आतड्याला जाळील.

"चहाचं पानी नगं आता. मी धरलंय की त्याला."

"आजी, किती धराल? डोळे बघा तुमचे."

"तू नगं शिकवू. पाच पोरं वाढवली म्या."

डॉक्टर रागावले. ती म्हणाली, पोराला उचलून घरी नेईन. मग त्यांनीच माघार घेतली, औषध बंद केलं. पहिले काही दिवस काही झालं नाही. आधीचं औषध अंगात होतं, पण साळूबाईला वाटलं आपलंच खरं.

नंतर छाती पुन्हा थांबायला लागली. ती ओढायची, रात्र रात्र जागायची. एका दुपारी तिची मान कलली. बोट ढिलं पडलं. बाळाची छाती थांबली, ते मला कळलं. पण मला स्वतःला ओढता येत नाही, मित्रांनो.

सिस्टर दूध घेऊन आली म्हणून बरं. तिनं तळपायाला टिचक्या मारल्या, मग तोंडावर मास्क धरून फुग्यानं हवा दिली. लई वेळानं बारीक रडू आलं.

साळूबाईनं मला बोटावरून सोडलं.

"घाल बाई ते औषध. माझ्यानं न्हाई व्हत."

सिस्टर रागावली नाही. औषध घातलं, आणि माझं टोक स्वतःच्या हातात घेतलं.

"जा, झोपा जरा. आता मी धरते."

ते बाळ पुढं घरी गेलं. आता कुठं असेल, मला ठाऊक नाही. मी दवाखान्यातच राहिलो. मला उकळून, वाळवून इतर बाळांना बांधलं. मग जास्त मशीनं आली आणि मी खणात पडलो. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, अशा बाळाला बघायला गेलात तर औषधाची शंका मनात ठेवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि शेजारी बसून जागणाऱ्या माणसाला आधी झोपायला पाठवा.