ठिपके म्हणजे थांब

तीन आठवडे मिस्त्रीणबाईच्या घरात एकच पाठ चालू होता. नवरा पलंगाच्या कडेला बसायचा, पांढऱ्या काठीचं टोक जमिनीवरून इकडून तिकडे फिरवायचा आणि शाळेतल्या मुलासारखा घोकायचा, "पट्ट्या म्हणजे चाल. ठिपके म्हणजे थांब."

साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले. त्याआधी फरशीकामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सगळी वस्ती त्याला मास्तर म्हणायची. बाईच्या हातात थापी दिली तीही त्यानेच. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर तो अंधांच्या शाळेत गेला, काठी शिकला आणि तीन स्टेशनं पलीकडे एक नोकरी मिळवून आला. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. महिनाभर वेळेवर आलात तर कायम, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. मास्तरची स्वतःची अट एकच: कुणी हात धरायचा नाही. बायकोनेसुद्धा नाही.

"तुम्ही आणि तुमचा हट्ट!" ती म्हणायची.

"हट्ट कसला गं? स्टेशनात उठावाच्या नक्षीच्या पिवळ्या फरश्या आहेत ना. पायाला कळतं कुठे जायचं ते."

हे ऐकलं की बाई विषय बदलायची. कारण त्या पिवळ्या फरश्या तिनेच बसवल्या होत्या.

नऊ वर्षांपूर्वी वस्तीतलं मेट्रो स्टेशन बांधलं जात होतं. मास्तर तेव्हा एका इस्पितळाच्या कामावर होता, आणि दारापासून जिन्यापर्यंतची पिवळी ओळ बाईकडे आली. शेवटच्या दिवशी पट्ट्यांच्या फरश्या सात कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी तपासणी, ठेकेदार डोक्यावर बसलेला, आणि कोपऱ्यात ठिपक्यांच्या फरश्यांचं अर्धं खोकं पडलेलं. रंग तोच, माप तेच. नक्षीच तर आहे, म्हणून तिने ते सात ठिपकेवाले चौकोन ओळीच्या मधोमध बसवून टाकले. त्या नक्षीला काही अर्थ असतो हे तिला कोण सांगणार? ठेकेदाराला तरी कुठे ठाऊक होतं! तपासनीस आले, ओळ सरळ आहे हे बघितलं, सही ठोकली आणि गेले.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मास्तर त्या सात फरश्यांवर येऊन थांबला. जिना आला असं समजून काठीने पायरी शोधत राहिला. पायरी असेल तर सापडणार! मागून लोक आदळले, कुणी डावीकडे जा म्हणालं, कुणी उजवीकडे. वीस मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने ओळखलं की इथले ठिपके उगाच आहेत, आणि सरळ पुढे गेला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, गर्दीत पावलांचा हिशेब चुकला आणि ठिपके आले ते खरे. जिन्याच्या तोंडाशी. हे तेच उगाचचे असं धरून त्याने पाय पुढे टाकला आणि तीन पायऱ्या पाठीवर घसरला. कठडा हाताला लागला म्हणून वाचला.

संध्याकाळी बाई त्याच्या सोललेल्या नडगीला औषध लावत होती तेव्हा तो म्हणाला, "उद्यापासून जात नाही मी."

"असं काय करता अहो? एवढं शिकलात."

"शिकलो तेच खोटं निघालं. आता कुठला ठिपका खरा मानू?" त्याने काठी कपाटामागे सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

बाईच्या जिभेवर आलेलं जिभेवरच राहिलं. भ्याली, दुसरं काय! एरवी ठेकेदाराला चार माणसांत खडसावणारी बाई, आणि घरच्या माणसासमोर तिची वाचा बसली. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. सकाळी उठली, मास्तरच्या ऑफिसात फोन करून सांगितलं की ते पडलेत, सोमवारी नक्की येतील. तिकडून सोमवारपर्यंतच सूट मिळाली, आणि ती तडक स्टेशनात गेली.

स्टेशनच्या अधिकारीबाई काचेच्या खोलीत बसल्या होत्या. माणूस चांगला, पण कागदापुढे हतबल.

"नऊ वर्षांत एक तक्रार नाही आली," त्या म्हणाल्या. "नोंदीत काम बरोबर आहे. बदलायचं तर पाहणी होईल, मंजुरी लागेल. तीन-चार महिने धरा."

"महिने नाहीत माझ्याकडे. सोमवार आहे."

"पण चूक आहे हे ठरवायचं कुणी?"

"मी ठरवते. मीच केली आहे ती." बाईने पदर खोचला. "लिहून देते. सही करते. दुरुस्ती माझ्या हाताने, माझ्या अवजारांनी. तुमच्या कोठीत पट्ट्यांच्या फरश्या आहेत, मघाशी झाडूवाल्याला विचारून आले."

अधिकारीबाईंनी कोरा कागद पुढे ओढला, पण दिला नाही. "लिहून दिलंत तर ते ठेकेदाराकडे जाईल. पुढच्या स्टेशनांची कामं त्यांच्याकडेच आहेत. तुम्हाला घेतील का?"

"नाही घेणार," बाई म्हणाली. "कागद द्या."

ठेकेदाराचा फोन दुपारी आलाच. डोकं फिरलंय का तुझं, नऊ वर्षांचं मढं कशाला उकरतेस, नाव काढून टाकतो यादीतून! बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टाका काढून." फोन ठेवून तिने छिन्नीला धार लावली. पुढच्या स्टेशनांचं काम तिला हवं होतं, फार हवं होतं.

अधिकारीबाईंनी तिची सही घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर रविवारची सकाळ दिली होती. पहिली गाडी आठला. बाई सहाला हजर. छिन्नीने जुने ठिपके फोडताना तिला वाटलं होतं, सहज निघतील. कसले निघताहेत! असे घट्ट बसवले होते की मनगटं भरून आली. स्वतःच्याच पक्क्या कामाला शिव्या देत तिने सातही काढल्या, खालचा थर खरवडला, नव्या पट्ट्या पाणसळीने पातळी तपासत बसवल्या. आठच्या ठोक्याला भोवती दोर बांधून ती तिथेच राखण करत बसली, दुपारी फरश्या धरेपर्यंत.

रात्री तिने कपाटामागून काठी काढून मास्तरच्या हातात दिली. "उद्या एकदा जाऊन या. एकदाच."

"काय बदलणार आहे एकदाने?"

"ठिपके आले की थांबा. नाही आले तर चालत राहा. माझा शब्द आहे."

त्याने काठीचं टोक बोटांनी चाचपलं. मग काठी उशाशी ठेवून झोपला.

सोमवारी तो निघाला आणि बाई दहा पावलं मागे, चपला हातात घेऊन. स्टेशनच्या दारातून तो आत गेला. काठी पट्ट्यांवरून खडखडत निघाली. नव्या फरश्या आल्या. आणि तिथेच मास्तर थांबला.

बाई दोन पावलं पुढे सरकली. आता काय चुकलं? तो वाकला, तळहाताने फरशी चाचपली, बोटाचं नख सांध्यातून फिरवलं. लोक वळसा घालून जात होते. मग मान न वळवताच तो मोठ्याने म्हणाला, "अगं, तिसऱ्या फरशीचा सांधा केसभर रुंद झालाय."

ती जागच्या जागी उभी राहिली. आता लपून काय उपयोग! "घाई होती हो," ती म्हणाली.

"नऊ वर्षांपूर्वीही घाईच असेल."

बाई जवळ आली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्याच दिवशी, सांध्यांवरून. तुझा हात मी शिकवलाय, मला नाही कळणार?" तो उठला, गुडघे झाडले. "तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो. आता ऑफिसला उशीर करू नकोस माझा. आणि चपला घाल पायात."

काठी पुन्हा चालू लागली. जिन्याच्या तोंडाशी ठिपके आले, तिथे मास्तर थांबला, कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत खाली गेला. बाई मागे गेली नाही. चपला घातल्या आणि दुसरं काम शोधायला बाहेर पडली.