पाचवीचा राखाडी स्कर्ट

शाळेला सुट्टी लागली की सगळ्या आया मुलांमागे धावतात आणि बिट्टीची आई मशीनमागे. गणवेश शिवणाऱ्यांचं अख्खं वर्ष या सहा आठवड्यांतच असतं. शाळा उघडायच्या आत तीनशे स्कर्ट द्यायचे आणि दुकानात माणसं इनमिन दोन: कापून शिवणारी आई आणि काज-बटणं करणारी मावशी. मावशीचे हात जितके चालायचे त्याच्या दुप्पट तिचं तोंड चालायचं.

त्यात यंदा बिट्टी गणितात नापास झाली. बाकी विषयांत बरे मार्क, गणितात मात्र भोपळ्याच्या आसपास. बाईंनी सांगितलं, शाळा उघडायच्या आधी फेरपरीक्षा घेऊ. जमलं तर पाचवी, नाहीतर पुन्हा चौथी. चौथीचा स्कर्ट निळा आणि पाचवीचा राखाडी. म्हणजे मागे राहिलेली मुलगी फाटकातून आत येतानाच सगळ्या शाळेला दिसणार. आईला घोर लागला तो याचाच.

"क्लासला घाल की तिला," मावशी म्हणाली. घातलं. चौथ्या दिवशी बिट्टी पोट दुखतंय म्हणून परत आली आणि आठव्या दिवशी ते खरंच दुखायला लागलं. तेव्हा आईने क्लासचा नाद सोडला आणि तिला दुकानातच बसवलं.

"मुली येतील, त्यांची मापं घ्यायची," आई म्हणाली. "कंबर गुणिले तीन, कारण चुण्यांना तिप्पट कापड लागतं. त्यात शिलाईचे दोन इंच. लांबीत खालच्या दुमडीचे तीन आणि वर पट्ट्यात जाणारा एक. सगळं चिठ्ठीवर लिही. तू लिहिशील तेवढंच मी कापीन."

"तेवढंच?"

"तेवढंच."

बोलून तर बसली, पण वीस वर्षं कात्री धरलेली बाई ती. सख्ख्या आईने घेतलेलं माप असतं तरी तपासल्याशिवाय तिने कापडाला कात्री लावली नसती. बिट्टी जेवायला घरी गेली की ती चिठ्ठ्या पुढे ओढायची, तोंडातल्या तोंडात हिशेब करायची आणि चूक सापडली की चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने बारीक आकडा लिहून त्याप्रमाणे कापायची. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर आकडा होता.

बिट्टीला याचा पत्ता नव्हता. आपलंच गणित कापडावर उतरतंय म्हणून ती खुलली होती. वर्गातल्या मैत्रिणी पाचवीचं माप द्यायला यायच्या, तेव्हा ही गळ्यात टेप टाकून "सरळ उभी राहा, पोट आत घेऊ नकोस" असं अगदी मास्तरणीच्या थाटात सांगायची. "तुझा शिवून झाला का गं?" असं एखादीने विचारलं, की मात्र हिला एकदम टेबलाखाली काहीतरी शोधायचं असायचं. आई ते बघायची आणि मशीन उगाच जोरात चालवायची.

घोळ घातला तो मावशीने, आणि तोही चांगल्या मनाने. एका स्कर्टाचं कापड तिला कमी वाटलं, म्हणून ती बिट्टीला म्हणाली, "चिठ्ठी उलटी करून बघ गं. आईने खरा आकडा मागे लिहिला असेल."

बिट्टीने चिठ्ठी उलटी केली. मग सुरुवातीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि एकेक करत दहा-बारा उलट्या केल्या. रडली नाही. टेप काढून टेबलावर ठेवला.

"मग मला कशाला बसवलंस?" ती आईला म्हणाली. "खोटं खोटंच होतं ना सगळं?"

दोन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. पुस्तकही उघडलं नाही. परीक्षेला पाच दिवस उरले होते. आईला एकच टोचणी लागली होती. पोरीला फसवलं, आणि तेही अशा मुलीला जिला आधीच वाटत होतं की आपल्या डोक्यात काही शिरत नाही. मावशी तर इतकी ओशाळली की दोन दिवस चक्क गप्प होती.

तिसऱ्या दिवशी आईने मशीन थांबवलं, शेवटच्या चाळीस चिठ्ठ्या उचलल्या आणि भर कामाच्या वेळी ती घरी गेली.

"या बघ. उलट्या कर."

बिट्टीने नाखुशीनेच केल्या. "कोऱ्या आहेत."

"कारण चाळीसच्या चाळीस बरोबर होत्या. तपासल्या मी सगळ्या. चूक दिसली की पेन्सिल उचलायचे आणि बरोबर आलं की तोंडाला कुलूप. तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं, बिट्टे."

बिट्टी चिठ्ठ्या पुन्हा एकेक बघत गेली आणि मधेच थांबली. "हिच्यावर आकडा आहे."

"एक चुकली होती."

"मग चाळीस बरोबर कशा? एकोणचाळीस."

"एकोणचाळीस," आईने मुकाट्याने मान्य केलं. "आता चल दुकानात. एकाच स्कर्टाचं राखाडी कापड उरलंय, आणि तुझं माप अजून कुणी घेतलेलं नाही."

"परीक्षा व्हायचीय अजून."

"म्हणून तर चल."

दुकानात बिट्टीने स्वतःच्या कमरेला टेप लावला. तेवीस. तेवीस त्रिक एकोणसत्तर, शिलाईसकट एकाहत्तर. लांबी सतरा. तिने चिठ्ठी लिहिली, मापं मोजून कापडावर खडूच्या रेषा ओढल्या आणि ती बाजूला झाली. मावशीने कापडाकडे पाहून तोंड उघडलं. आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तिने ते मिटलं.

आईलाही दिसलं होतंच. आकडा वाचायची गरजच नव्हती. रेष वर पडली होती. खालची दुमड राहिली होती. सांगावं, तर पोरीच्या मागे पुन्हा पेन्सिल घेऊन उभं राहिल्यासारखं होणार. न सांगावं, तर कापड हातचं जाणार, आणि शाळा उघडेपर्यंत दुसरा तागा यायचा नाही. तिने कात्री उचलली. कडेने पहिला काप घेतला, जेमतेम अर्ध्या इंचाचा.

"थांब," बिट्टी म्हणाली.

तिने टेप पुन्हा लावला, चिठ्ठी पाहिली, ओठ हलवत बेरीज केली. "दुमड राहिली. अठरा नाही, एकवीस." तिने रेष हाताने पुसली आणि तीन इंच खाली नवी ओढली. कापाकडे बोट दाखवून विचारलं, "याचं काय?"

"शिलाईत लपेल."

"तुला आधीच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग कापत का होतीस?"

"कापड काय, कधीतरी परत मिळालं असतं," आई म्हणाली आणि तिने कात्री खाली ठेवली.

बिट्टीने नव्या रेषेवरून बोट फिरवलं. "आणि मी नापास झाले तर?"

खोटं बोलायची आता आईची तयारी नव्हती. "तर आत्ताच दुमड पाच इंचांची ठेवू. पुढच्या वर्षी उसवून लांब करता येईल. कापड आहे तेवढं."

बिट्टीने रेषेखाली उरलेलं कापड मोजलं. खरंच होतं तेवढं. तिने खडू उचलला, रेषेवर धरला आणि परत खाली ठेवला.

"नको. तीनच ठेव. मला याच वर्षी घालायचाय."

आईला डोळ्यांतल्या पाण्याने रेष धड दिसत नव्हती. तरी तिने कात्री चालवली.