ऐंशी नंबरचं दार

तान्ह्या ऋषीचं अंग सकाळपासून पुन्हा कोमट लागत होतं, आणि यशश्रीची मुलाखत त्याच्याच तापापायी आधी एकदा पुढे ढकलून झाली होती. आता पुन्हा ढकलली तर पुण्याच्या त्या कंपनीनं दुसरं कुणीतरी घेतलं असतं. बाळंतपणात नोकरी सुटल्यापासून घरी बसून करता येईल असं हे पहिलंच काम तिच्या हाताशी आलं होतं.

मुलाखतीत करून दाखवायचं ते असं: आपल्या लॅपटॉपवर कंटेनरचं, म्हणजे ॲप चालवायच्या बंद डब्यांचं, छोटं क्लस्टर उभं करायचं, त्यात दोन ॲप चालवायची आणि त्यांच्यापुढे इन्ग्रेस कंट्रोलर बसवायचा. म्हणजे बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना एकच दार, आणि दारात असा राखणदार की जो ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या खोलीत धाडतो. सराव तिनं महिनाभर केला होता.

पलीकडच्या खोलीत सासूबाई, गिरिजाबाई, पाळण्याची दोरी ओढत होत्या. पाळण्यावर जुना मोबाइल टांगलेला. त्यातलं चित्र यशश्रीच्या मोबाइलवर दिसायचं. मागच्या आठवड्यात ऋषीला तापात झटका आला तेव्हा ती अंघोळीला गेली होती, आणि गिरिजाबाईंना वाटलं पोरगं झोपेत दचकतंय. त्याच संध्याकाळी हा कॅमेरा लागला. गिरिजाबाई तिला काही बोलल्या नाहीत. भोकरदनच्या लेकीला मात्र, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं, फोनवर सांगितलं की घरात आता आपल्यावर पहारा बसलाय.

कंपनीच्या शीतल मॅडम पडद्यावर आल्या. यशश्रीनं कमांड दिली आणि लगेच लाल ओळ उमटली. ऐंशी नंबरचं पोर्ट आधीच कुणीतरी अडवलेलं. जिथं राखणदार बसवायचा, त्याच दारात दुसरंच कुणी ठाण मांडून होतं.

ती शोधू लागली, आणि नाव दिसलं. तिचाच कॅमेरा. जुन्या मोबाइलचं चित्र या लॅपटॉपमधूनच तिच्याकडे येत होतं, आणि त्या संध्याकाळी घाईत तिनंच त्याला ऐंशी नंबर देऊन टाकला होता. सराव सगळा त्याच्या आधीचा.

"काय आहे ते?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या बाळाचा कॅमेरा."

दुसऱ्या नंबरवर हलवता येईल का, असं मॅडम म्हणाल्या. येईल, पण ते बदलत बसण्यात मुलाखतीचा वेळ जाईल, हे दोघींनाही कळत होतं. "तुम्ही ठरवा," मॅडम म्हणाल्या.

मोबाइलवर ऋषीची मूठ दिसत होती, गालाशी घट्ट. यशश्रीनं माइक बंद केला.

"आई, कॅमेरा बंद करतेय. त्याच्यावरची नजर काढू नका."

पलीकडून उत्तर आलं. "न्हाई काढत."

तिचा मोबाइल काळा झाला. तिनं माइक पुन्हा चालू केला. क्लस्टर उभं राहिलं. कंट्रोलर मात्र अजून उतरत होता, आणि इंटरनेट रांगत होतं. पाळण्याच्या कड्यांचा करकर आवाज तेवढा तिला धीर देत होता. मग तो थांबला.

ती खुर्चीतून अर्धी उठली.

"यशश्री, ताप वाढून राह्यलाय," आतून गिरिजाबाईंचा आवाज आला. "तू ऊठू नको. मी अंग पुसून राह्यले. औषध देते."

"किती देताय?"

"डॉक्टरनं सांगितलं तेवढंच. तवा मी बी तिथंच बसले होते ना."

यशश्री खाली बसली. कंट्रोलर चालू झाला. ब्राउझरमध्ये चारशे चार आलं, पान सापडत नाही. मॅडमनी भुवया उंचावल्या. तिनं सांगितलं की हे बरोबरच आहे, राखणदार आलाय, त्याला खोल्या अजून दाखवायच्यात. मग त्या खोल्यांच्या नियमांची फाइल चढली, आणि एकामागून एक दोन्ही ॲप उघडली.

"रुजू होण्याची कागदपत्रं पाठवून द्या," मॅडम म्हणाल्या. "आणि आता आत जा."

ऋषी गिरिजाबाईंच्या मांडीवर होता, कपाळावर ओली घडी, डोळे उघडे. थर्मामीटरचा आकडा खाली आला होता. यशश्रीनं त्याला घ्यायला हात पुढे केले, मग नुसतीच शेजारी टेकली.

"झालं का तुझं?"

"झालं."

"मंग ते लाव परत."

"राहू द्या आता, आई."

"लाव म्हणते ना. तिकडं कामावर बसून जीव खाशील सोताचा. मी काई पळून न्हाई चालले."

यशश्रीनं कॅमेऱ्याला दुसरा नंबर दिला. मोबाइल उजळला तेव्हा त्यात पाळणा नव्हता, गिरिजाबाईंचा चेहराच होता, काचेला नाक लावल्यासारखा.

"दिसून राह्यलं का बराबर?" त्या विचारत होत्या.