माझं धुकं कोणी पुसलं?

मी गेमची एक जुनी सीडी आहे, मित्रांनो. निदान दुकानदार तरी तसं म्हणतो. कसली जुनी? मी या घरात आले तेव्हा घरातली पोर, चिमणी, तिच्या आत्याच्या कमरेला लागत होती, आता खांद्याला लागते. एवढंच माझं वय. आणि तेवढ्यात माझा रिमेक निघालासुद्धा! पोरगं अजून रांगतंय, तोवरच 'हे जुनं झालं, दुसरं आणा' असं कोणी म्हणतं का? आमच्यात म्हणतात.

माझा जन्म एका गॅरेजवरच्या खोलीत झाला. चार टाळकी, एक कुरकुरणारा पंखा आणि चहाचे डाग पडलेलं टेबल, एवढाच सगळा कारखाना. गेम साधा होता. तुम्ही नावाडी. या काठावरची माणसं नावेत घ्यायची आणि खडक, भोवरे चुकवत पलीकडच्या काठाला सोडायची. पण नदीकाठचे डोंगर, झाडं, घरं चितारणार कोण? चित्रं काढणारा एकटाच, त्याचंही मनगट धरलेलं. शेवटी त्याने हात टेकले आणि सगळ्या नदीवर दाट पांढरं धुकं सोडून दिलं.

"आता यात दिसणार काय, कपाळ?" आवाजवाली बाई करवादली.

"दिसणार नाही, ऐकू येईल. तू आहेस ना!" असं म्हणून त्याने आपलं काम बिनदिक्कत तिच्या गळ्यात टाकलं.

ती पण जिद्दीची. बादल्या, पातेली, ओली फडकी घेऊन बसली. खडकावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, भोवऱ्याचा वेगळा, उथळ वाळूचा वेगळा. डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या. आणि पलीकडच्या काठावर एक घंटा. कमीपणा झाकायला सोडलेलं ते धुकं, आणि लोकांना त्याचंच वेड लागलं! घरोघरी माणसं श्वास रोखून, कान टवकारून बसू लागली. मला बक्षिसं मिळाली. मी जरा चढूनही गेले. का जाऊ नये? तेवढी होतेच मी.

या घरात मला आणलं चिमणीच्या बाबांनी. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे चिमणीची आत्या, त्यांच्याच घरी राहते. आत्याने सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, लोकांचे फोन जोडून देण्यात. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची. पुढे तिची नजर गेली. पडद्याकडे पाहिलं तर तिला उजेडाचा एक गोळा तेवढा दिसतो.

एकदा चिमणी मला खेळत होती आणि आत्या शेजारी शेंगा सोलत होती. चिमणीची नाव सारखी फुटत होती. शेवटी आत्याला राहवेना.

"अगं, डावीकडे घे! तो खडक उजव्या कानाशी बोंबलतोय आणि तू त्याच्याच गळ्यात पडायला निघालीस!"

चिमणीने चकित होऊन रिमोट तिच्या हातात दिला. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी नदी आत्याची झाली. शेजारपाजारची पोरं खेळायला यायची, आत्या एकेकाला पाणी पाजून घरी पाठवायची. "डोळे आहेत ना रे तुम्हाला? मग कान कुठे गहाण टाकलेत?" असं वर ऐकवायची. डोळ्यांनी तिचं विणकाम नेलं होतं, वर्तमानपत्र नेलं होतं, एकटीने रस्ता ओलांडणं नेलं होतं. मी तिला अख्खी नदी दिली. सांगा, आहे कुठल्या नव्या सीडीची एवढी छाती?

मग एके दिवशी चिमणीचे बाबा एक चकचकीत खोका घेऊन आले.

"ताई, डोळे मीट. हं, आता उघड!"

"मिटले काय अन् उघडले काय, तुझं तोंड मला सारखंच दिसतं. काय आणलंस ते बोल."

"तुझाच गेम, पण नवाकोरा! सगळं लख्ख केलंय बघ. धुकं तर काढूनच टाकलं. आता तुला छान दिसेल."

बिचाऱ्याने मायेनेच आणला होता. बहिणीला दिसावं म्हणून. त्याच्या बदल्यात मला दुकानात देऊन टाकायचंही कबूल करून आला होता.

आत्याने खोक्यातल्या नव्या मशीनवर नवा गेम लावला. नाव निघते न निघते तोच पन्नास वाद्यं एकदम सुरू! त्या गदारोळात खडक ऐकू येईल कसा? नाव फुटली. पुन्हा फुटली. चिमणीने संगीत बंद करून पाहिलं, तर खडकांचा आवाजच नाही! नदी साफ दिसतेय, मग ऐकवायची कशाला, असा नव्या कारागिरांचा विचार. आत्याने रिमोट खाली ठेवला.

"छान आहे हो. खेळा तुम्ही."

आत्या गोड बोलली म्हणजे काहीतरी बिनसलं, हे त्या घरातल्या झुरळालाही ठाऊक. चिमणीचा चेहरा उतरला. आत्याने खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि पुढे रोज ती तिथेच बसू लागली. शेजारची पोरं आली की तिच्या पाठीमागून हळूच जायची. मी कपाटावर पडून हे सगळं पाहत होते. माझा जीव नुसता जळत होता.

मला दुकानात न्यायचा दिवस उजाडला. चिमणी रडवेली झाली, तेव्हा स्वयंपाकघरात तिचे बाबा तिला हळूच म्हणाले, "अगं, ताईचं आता वय झालं. सुटेल तो नाद."

हळूच म्हणाले खरे, पण आत्याचे कान टेलिफोनचे! खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"वय? कोणाचं वय झालं रे? शर्यत लाव! दगडी खिंडीचा फेरा. चिमणी तुझ्या लखलखाटात, मी माझ्या धुक्यात. मी हरले तर ती सीडी खुशाल ने. आणि जिंकले, तर तिला हात लावशील तर बघ!"

दुपारी दोन टीव्ही शेजारीशेजारी मांडले. पोरांनी खोली भरली. जुन्या मशीनमध्ये मला बसवलं. आत्याने पदर खोचला आणि कानांवर हेडफोन चढवले, एक्स्चेंजमध्ये चढवायची तसे. आणि डोळे सरळ मिटून घेतले.

सुरुवातीला चिमणीच पुढे होती. "बाबा, पाण्यातले मासेसुद्धा दिसतात!" पोरं तिकडे झुकली. इकडे आत्या शांतपणे वल्हं मारत होती. अंगठा जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे. खिंडीच्या ऐन तोंडाशी मात्र माझा घात झाला. माझ्या पाठीवर धुळीचा कण होता. मी अडखळले. आवाज तुटला.

मला वाटलं, संपलं! ही आता नाव खडकावर घालणार आणि मी दुकानाच्या टोपलीत जाणार.

पण आत्याने दोन्ही अंगठे उचलले आणि रिमोट नुसता धरून बसली. "अडखळली बाई माझी," ती म्हणाली. "लागेल लाइन पुन्हा. थांबते मी."

मी जीव एकवटून फिरले. आवाज आला. खडक डाव्या कानात! आत्याने नाव अशी वळवली की खडकाला स्पर्शही नाही. तिकडे चिमणीच्या पडद्यावर झगझगीत सूर्यास्त सुरू झाला होता. त्या तिरिपीत तिला काही दिसेना, आणि नाव धाडकन आदळली. तिने डाव पुन्हा सुरू करेपर्यंत आत्याने हेडफोन काढून सगळ्यांपुढे धरले होते.

टण्, टण्, टण्.

पलीकडच्या काठाची घंटा! पोरांनी घर डोक्यावर घेतलं. चिमणीने तर हरूनही उड्या मारल्या.

"चुकलो, ताई," चिमणीचे बाबा कान पकडून म्हणाले.

"चुकलास कुठे? मला दिसावं म्हणून आणलंस ना? मग आता तू खेळ, आणि सूर्य कसा मावळतो ते मला सांगत जा. पण माझी सीडी जागची हलणार नाही!"

मित्रांनो, माझं नव्याशी भांडण नाही. ज्यांची मशीनं आता कुठेच मिळत नाहीत, त्या माझ्या थोरल्या बहिणींना नवं अंग द्या, जरूर द्या. पण जी अजून ठणठणीत आहे, जिच्यावाचून कोणाचं तरी अडतं, तिला मोडीत काढून तिचीच नक्कल कशाला? आणि करायचीच असेल, तर आधी मला एकदा डोळे मिटून खेळून बघा. माझं धुकं हा डाग नाही, तोच माझा थाट आहे. आणि हो, मला कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा, धुळीत टाकू नका. कधी अडखळले, तर आत्यासारखे क्षणभर थांबा.

आता चिमणीच्या डोळ्यांवर रुमाल बांधलाय. "खडक बोलतो गं," आत्या तिला सांगतेय. "तू तुझी टकळी बंद कर, म्हणजे ऐकू येईल."

चिमणी गप्प झाली. अहो, ही चिमणी गप्प झाली! नाव खिंडीतून सुटली... आणि ऐका, घंटा वाजतेय.