पाहुण्यांचं अंथरूण

नजमुद्दीन कुवेतहून घरी आला की रय्यान पिवळा पडतो, हे पोराच्या आईच्या, कुबराच्या, दुसऱ्याच वेळी लक्षात आलं होतं. पण असलं काही बोलायचं कुणाजवळ? बाप वर्षातून एकदा कोकणात दिघीला येतो, चार वर्षांच्या पोराला रात्रंदिवस उराशी धरतो आणि तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे हळदीसारखे होतात. लघवी काळ्या चहासारखी. पोर मान टाकतं.

पहिल्या वेळी सगळ्यांना कावीळ वाटली. दुसऱ्या वेळी रक्त चढवावं लागलं, तेव्हा तालुक्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर मृणालींनी खरं कारण शोधलं. रय्यानच्या रक्तात एक एन्झाइम जन्मापासून कमी होतं. काही औषधं पोटात गेली की त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटायच्या. डॉक्टरांनी टाळायच्या औषधांची यादी दिली. कुबराने ती स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली आणि अक्षर न् अक्षर पाळली.

तरीही या डिसेंबरात नजमुद्दीन आला आणि चौथ्या दिवशी रय्यानला पुन्हा उचलून न्यावं लागलं.

"घरचं काही दिलंत का? झाडपाल्याचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"आठवून सांगा. मी रागावणार नाही."

"अल्ला कसम, नाही दिलं," कुबरा म्हणाली. पण डॉक्टरांची नजर तिच्या तोंडावरून हलेना, आणि ती नजर तिला फार लागली.

त्या रात्री नजमुद्दीन हॉस्पिटलच्या बाकावर बसून म्हणाला, "मीच काहीतरी घेऊन येतो बहुतेक. पुढच्या वेळी येतच नाही." पोर सावरल्यावर तो रजा अर्धी टाकून परत गेला.

फेब्रुवारीत हॉस्पिटलातून फोन आला. मुंबईच्या एका संस्थेतला सुजित नावाचा संशोधक असल्या मुलांचा अभ्यास करत होता. घरच्यांना बोलावलं होतं. कुबरा जाणार नव्हती, पण अकरा वर्षांची मिस्बाह म्हणाली, "अम्मी, त्यांना विचार ना, अब्बा आल्यावरच का होतं." म्हणून ती गेली.

खोलीत दहाबारा कुटुंबं गोल बसली होती. सुजितने फॉर्म वाटले: औषधं, खाणं, ताप. कुबराने सगळीकडे "नाही" लिहिलं. शेजारी तळा तालुक्यातल्या एका गावातल्या ठमाबाई नातवाला, प्रणयला, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा फॉर्म सुजितच भरत होता.

"कधी कधी झालं, आजी?"

"एकदा गौरीला. एकदा शिमग्याला. मुंबईची मानसं आली की व्हतं बघ."

कुबराचा हात थांबला. "माझ्याकडे पण," ती पटकन बोलून गेली. "त्याचा बाप आला की."

सुजितने पेन खाली ठेवलं. "म्हणजे घरात कोणी आलं की? तेव्हा वेगळं काय करता तुम्ही?"

मग खोलीत एकच गलका झाला. कोणी मिठाई म्हणालं, कोणी कोलंबी, कोणी बाहेरची थंड बाटली. ठमाबाईंनी सगळ्याला मान हलवली. "आमच्याकडं सणाला मासळी न्हाय. आन् हे पोर तर दूधभाताबिगर कायच खात न्हाय."

"मग निजतो कुठे तो?" कुबराने विचारलं. का विचारलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. रय्यान बापाच्या कुशीत झोपायचा, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

"मानसांच्यात. पेटीतल्या गोधड्या काढतो ना आमी, पावन्यांसाठी."

"आम्ही ब्लँकेटं काढतो. ट्रंकेतली. एरवी वापरत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर मृणाली पुढे आल्या. "ट्रंकेत काय टाकता? कसर लागू नये म्हणून?"

"डांबराच्या गोळ्या," दोघी एकदमच म्हणाल्या.

डॉक्टर खुर्ची ओढून कुबरासमोर बसल्या. "या गोळ्यांच्या वासानेसुद्धा अशा मुलांच्या पेशी फुटतात. माझ्या पुस्तकात लिहिलेलं आहे हे. मी औषधं विचारली, खाणं विचारलं, अंथरूण विचारलंच नाही. आणि तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"तुम्हाला तरी काय माहीत, आमच्या ट्रंकेत काय असतं," कुबरा म्हणाली.

सुजित मात्र घाईने मान डोलावणारा नव्हता. दोन घरांवरून काही ठरत नाही, म्हणाला. त्याने तिथेच फॉर्ममध्ये नवा प्रश्न लिहिला आणि वाचून दाखवला: "वस्त्रसाठवणुकीत रसायनांचा वापर होतो का?"

"ह्ये कुनाला कळंल रे बाबा?" ठमाबाई हसल्या. "लिव, पेटीत गोळ्या टाकता का, आन् त्या पेटीतलं पोराला कधी पांघरलं."

त्याने तसंच लिहिलं. पुढचे दोन महिने त्याने अभ्यासातल्या सव्वीस घरी तोच प्रश्न विचारला. नऊ घरांत दुखणं पेटी उघडल्यानंतर दोनचार दिवसांत आलं होतं. बाकीच्यांची कारणं वेगळी होती, काहींची कळलीच नाहीत. डॉक्टरांच्या यादीत आता औषधांखाली डांबराच्या गोळ्याही आल्या.

कुबराने नजमुद्दीनला फोनवर सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी नव्हतो?"

"तुम्ही नव्हता. तुमचं अंथरूण होतं."

उरलेली अर्धी रजा घेऊन तो मे महिन्यात आला. कुबराने गोळ्या कधीच टाकून दिल्या होत्या, ब्लँकेटं दोनदा धुऊन आठवडाभर कडक उन्हात घातली होती, तरी तिने नवऱ्याला रोजचीच साधी चादर दिली. तिसऱ्या दिवशी तिने रय्यानचे डोळे उजेडात पाहिले. चौथ्या दिवशी पाहिले. पाचव्या दिवशी रय्यानच वैतागून "अम्मी, बस ना" म्हणत बापामागून जेटीवर पळाला.

रजा संपायच्या आत चौघेही हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टरांनी रय्यानला तपासलं, हिमोग्लोबिन चांगलं होतं. निघताना मिस्बाह दारातच घुटमळली.

"डॉक्टर, वास तर मलाही येत होता. मग मला का नाही झालं?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर रांग होती. "हे एन्झाइम बनवणारं जनुक मुलाला फक्त आईकडून येतं, मुलीला बापाकडूनही," म्हणत त्यांनी केसपेपर उलटा केला आणि त्याच्यावर आईचा एक, बापाचा एक असे गोल काढायला घेतले. मिस्बाह खुर्चीवर गुडघे टेकून वाकली, आणि नजमुद्दीनही तिच्या खांद्यावरून बघू लागला.